खापर

नालासोपाऱ्यात मी बावीस वर्षं काढली, पण बुरुड राजाचा कोट पाहिला तो गाव सोडून पुण्याला राहायला गेल्यानंतर. आमची खोली स्टेशनच्या पूर्वेला, कोट पश्चिमेला. मधे रूळ. पश्चिमेला जायचं ते भाजीसाठी. गास, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांतून बायका केळी, माठ, वालाच्या शेंगा, सोनचाफ्याच्या पुड्या घेऊन बसायच्या. त्यांच्या टोपल्यांपाशी आमची पश्चिम संपायची. त्यापलीकडे सोपारा नावाचं गाव आहे आणि स्टेशनच्या नावाचा अर्धा भाग तिथून आलाय, एवढंही कधी मनात आलं नाही.

शेजारच्या मावशींचा मात्र कोट पायाखालचा होता. दर बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून त्या जायच्या. निघताना दारात थांबून विचारायच्या, "येतेस का गं?" मे महिन्याचं ऊन बघून मी मान हलवायची. त्यांनी तरी दरवर्षी विचारलं.

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. आई घराबाहेर पडेनाशी झाली होती. जानेवारीत मी चार दिवस आले तेव्हा मावशींनीच ठरवून टाकलं, "उद्या सकाळी तिघी कोटावर जाऊ. तुझ्या आईला नाही म्हणायला वेळच द्यायचा नाही."

रिक्षा इमारतींमधून वळत गेली आणि एका वळणावर इमारती मागे पडल्या. झाडं, कुंपण, पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. आत शिरलं की समोर विटांचा उंचवटा. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला पहिल्या नजरेत इथे काही नाहीच असं वाटेल. छत नाही, खांब नाहीत, कोरीव काम नाही. खाली विटांचं जोतं, त्यावर झिजून बसकट झालेला घुमट, सांध्यांतून उगवलेलं गवत. मीही क्षणभर थबकले. एवढंच?

मावशी चपला काढून डाव्या बाजूने चालायला लागल्या होत्या. आई त्यांच्यामागे. दोघींच्या चालीत फरक होता. मावशी ओळखीच्या घरात वावराव्यात तशा चालत होत्या, मधेच वाकून वेफर्सचं रिकामं पाकीट उचलत होत्या, वर चढून बसलेल्या दोन पोरांना "बाळांनो, खाली उतरा, देवळाच्या कळसावर बसता का कधी?" असं सांगत होत्या. पोरं उतरलीही. आई मात्र एकेक वीट बघत होती. विटा आपल्या आजच्या विटांपेक्षा मोठ्या, पसरट. एकीवर तिने तळवा ठेवला आणि म्हणाली, "गरम आहे गं." सकाळचं ऊन त्यात मुरायला लागलं होतं.

कोट या नावाविषयी मी पुढे बराच विचार केला. बुरुड म्हणजे बांबू चिरून टोपल्या, रोवळ्या, सुपं विणणारा कारागीर. त्यांचा राजा इथे राहायचा, हा त्याचा किल्ला, असं लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले. किल्ला तर हा नव्हता, बौद्ध स्तूप होता. पण या गावाचं संस्कृतातलं नाव शूर्पारक. महाभारतात आहे की समुद्राने मागे सरून परशुरामाला ही भूमी करून दिली. आणि शूर्प म्हणजे सूप, धान्य पाखडायचं. सूप विणतो तो बुरुड. मला वाटतं, संस्कृत नाव झिजून सोपारा झालं, त्याचा अर्थ विसरला गेला, तरी कुणाच्या तरी कानात ते सूप शिल्लक राहिलं आणि त्याने त्याला एक राजा देऊन टाकला. बुद्ध विसरला गेला, विहार विसरले गेले, बंदर गाळाने भरून गेलं. पण टेकाड कुणी खणून विटा पार संपवल्या नाहीत, कारण ते राजाचं होतं. गावाने गोष्ट चुकीची सांगितली आणि वास्तू राखली. या अनाम सांगणाऱ्यांविषयी मला फार कृतज्ञता वाटते.

बंदर म्हटलं की आज इथे कुणाचा विश्वास बसणार नाही. ग्रीक खलाशांच्या पहिल्या शतकातल्या प्रवासपुस्तकात, पेरिप्लसमध्ये, याचं नाव आहे. टॉलेमीच्या भूगोलात आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत आपली दानं कोरून ठेवली आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे चौसोपी विश्रामगृहं बांधल्याचं त्यात आहे, आणि ज्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या त्यांच्या यादीत डहाणुकाही आहे. डहाणू लोकल तेव्हा अशी सुरू होती म्हणायची. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर सोपारकच्या सातिमिताचं नाव आहे. धम्मुत्तरीय पंथातला हा भाणक, म्हणजे सूत्रं पाठ करून म्हणणारा भिक्षू. त्याने तो खांब दिला, तोही आत अस्थिधातू ठेवून. सोपाऱ्याचा माणूस घाट चढून कार्ल्याला गेला आणि तिथे एक खांब उभा करून आला. आमच्या गावाला बाहेर कुणी विचारत नाही, असं ऐकत मी वाढले. तो खांब आजही छत पेलतो आहे.

पण सोपाऱ्याची मला सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट पुण्ण थेरांची. मज्झिम निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात, त्यांच्या नावाचं सूत्र आहे. परंपरा सांगते की ते इथले व्यापारी, श्रावस्तीला गेले आणि भिक्षू झाले. परत आपल्या मुलखात, सुनापरंतात, जायची परवानगी मागायला ते बुद्धांकडे येतात. बुद्ध म्हणतात, पुण्णा, तिथली माणसं तापट, कठोर. त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणतात, मी म्हणेन, भली आहेत ही माणसं, हात तर उगारला नाही. हात उगारला तर? भली आहेत, ढेकळं मारली नाहीत. ढेकळं मारली तर? काठी नाही घेतली. काठी घेतली तर? शस्त्र नाही चालवलं. आणि शस्त्र चालवून जीवच घेतला तर? त्यावरही त्यांच्याकडे उत्तर आहे. देहाला कंटाळून काही जण स्वतः शस्त्र शोधत जातात, मला ते न शोधता मिळालं. बुद्ध म्हणतात, जा, या संयमावर तू तिथे राहू शकशील. त्याच वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, पुण्णांना पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका मिळाल्या, असं सूत्र सांगतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. त्यांनी अठ्ठावीस वर्षं विरार लोकल केली. सकाळी सातची. फलाटावर गाडी थांबण्याआधी चढायचं, चौथ्या सीटवर अर्धं टेकायचं, नाहीतर बोरिवलीपर्यंत एका पायावर. रात्री घरी आले की आई विचारायची, "आज भांडणं?" आणि ते हातपाय धुता धुता म्हणायचे, "झाली थोडी. तोंडाचीच. हात कुणी टाकला नाही." अगदी याच सुरात. ते सूत्र त्यांच्या कानावरून कधी गेलं नव्हतं. पण तापट माणसांच्या मुलखात रोज जायचं आणि रोज परत यायचं तर मनाशी काय बोलावं लागतं, हे या गावाच्या माणसाला बहुधा तेव्हाही ठाऊक होतं आणि आताही आहे.

एक प्रदक्षिणा झाल्यावर आम्ही सावलीत बसलो. मावशींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. आईने विचारलं, "यात आत काय आहे?" मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांग तू. तू वाचून आलीयेस."

मग मी त्यांना एप्रिल 1882 ची गोष्ट सांगितली. भगवानलाल इंद्रजी नावाचे पंडित होते. जुनागढचे, 1839 चा जन्म. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्यांना हाताशी धरलं आणि त्यांच्यासाठी ते देशभर शिलालेख वाचत, ठसे घेत हिंडले. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. जेम्स कॅम्पबेल मुंबई इलाख्याचं गॅझेटियर तयार करत होते आणि ठाणे जिल्ह्याच्या कामात भगवानलाल त्यांच्यासोबत होते. राजाचा कोट म्हणून दाखवलेलं हे टेकाड भगवानलालांनी पाहिलं आणि ओळखलं की हा स्तूप आहे. नेमका मध्य काढून वरून खाली खणायला लावलं. विटांच्या भरावात एक विटांचीच चौकोनी कोठडी लागली आणि तिच्यात दगडाचा गोल करंडा.

"करंडा म्हणजे कुंकवाचा असतो तसा?" आईने विचारलं.

तसाच, पण मोठा, आणि दोन भागांचा. झाकण उचललं तर मधोमध तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती गोलाकार बसलेल्या आठ ब्राँझच्या मूर्ती. विपश्यी, शिखी, विश्वभू, ककुच्छंद, कनकमुनी, काश्यप, शाक्यमुनी गौतम. म्हणजे होऊन गेलेले सात बुद्ध. आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. तांब्याच्या करंड्यात चांदीचा. चांदीच्या आत दगडाचा. त्याच्या आत स्फटिकाचा. स्फटिकाच्या आत सोन्याचा. वरून सोन्याची फुलं वाहिलेली. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं.

"आणि सोन्याच्यात?"

सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे इवले इवले तुकडे होते. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले.

आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "खापर?"

खापरच. आपल्याकडे फुटकं भांडं घरात ठेवत नाहीत. खापर हा शब्दच चांगल्या जागी येत नाही. दोष द्यायचा तर खापर फोडतात. स्मशानात मडकं फोडतात, आणि ते फुटल्याचा आवाज आम्ही तिघींनीही वर्षापूर्वी ऐकला होता. आईच्या चेहऱ्यावर तो आवाज मला दिसला. मला वाटलं, उगाच सांगितलं.

मावशी म्हणाल्या, "ज्यात रोज जेवले ते भांडं, वहिनी. ते टाकून कसं देणार?"

यावर आई काहीच बोलली नाही. गवताची एक काडी घेऊन बोटाभोवती गुंडाळत राहिली.

मी ते करंडे पाहिले आहेत. उत्खननानंतर ते मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे गेले, फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये. तिथे एका बुद्धपौर्णिमेला मी रांगेत उभी राहून ते पाहिले. पुस्तकातल्या वर्णनाने मनात उभे केले होते त्यापेक्षा कितीतरी लहान. सोन्याचा करंडा बघताना आश्चर्य वाटतं ते कारागिरीचं नाही. क्रम लक्षात येतो. वीट, दगड, तांबं, चांदी, पुन्हा दगड, स्फटिक, सोनं. आत जाताना वस्तू लहान होत जाते आणि मोल चढत जातं, आणि सोन्याच्याही आत, जिथे आता हिराच असेल असं वाटतं, तिथे माती. ज्याने हे रचलं त्याच्या हाताशी सोनं होतं, स्फटिक होता. त्या सगळ्याचं त्याने आवरण केलं.

आणि हे एका माणसाने एकदाच केलेलं नाही. नाणं सातवाहनांच्या काळातलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडचं. आठ मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे सहाशे-सातशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप उघडला, करंडा पाहिला आणि नव्या मूर्ती भोवती बसवून पुन्हा बंद केला. तेव्हा बंदराच्या वैभवाचा काळ बराचसा सरलेला असणार. मला त्या बंद करणाऱ्या माणसाविषयी वाटत राहतं. त्याने सात गेलेले बुद्ध पहाऱ्याला ठेवले, आणि एक न आलेलाही ठेवला. पुढे कुणी येईल, हा भरवसा त्याने धातूत ओतून ठेवला. त्यानंतर पुढची हजारभर वर्षं कुणी आलं नाही.

1882 मध्येच इथे आणखी एक तुकडा मिळाला, तो दगडाचा. गावाच्या पूर्वेला भातेला तळ्याजवळ. सम्राट अशोकाच्या मोठ्या शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा भाग. नवव्याचा तुकडा पुढे 1956 मध्ये भुईगावला मिळाला. आठव्या लेखाचा दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. चौदा लेखांतून पहिल्यांदा आमच्या वाट्याला आला तो आठवा, आणि त्याचा विषय प्रवास. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रेला निघत, शिकारी करत. अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर प्रियदर्शी राजा संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं तेही सांगितलं आहे. ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं, म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, त्यांना धनाची मदत करायची, गावोगावच्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचं, विचारपूस करायची. राजाने दगडावर कोरून सांगावी अशी ही गोष्ट, म्हाताऱ्यांना भेटायला जा. चार दिवसांची रजा काढून मी आईकडे आले होते, तीही कितीतरी महिन्यांनी. त्या लेखाचं भाषांतर वाचताना डोळे भरून आले होते ते राजाच्या थोरवीने नाही.

कोटावर बसल्या बसल्या मला आणखी एक गोष्ट उमगली, इतकी वर्षं समोर असून न दिसलेली. बाबांची कचेरी फोर्टात होती. उन्हाळा-हिवाळ्यात दुपारचा डबा घेऊन ते टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. सावली असायची, समोर हॉर्निमन सर्कलची झाडं. "आमची जागा ठरलेली," ते सांगायचे, "उजवीकडे, खांबाच्या रेषेत." आई पहाटे साडेपाचला उठून तो डबा भरायची. स्टीलचा, तीन कप्प्यांचा उभा डबा. खाली भाजी, मधे पोळ्या, वर आमटी-भात, त्यांच्या भाषेत वरचा मजला. इतकी वर्षं ते सोपाऱ्याहून निघून त्या पायऱ्यांवर जेवले, आणि त्याच इमारतीत, त्यांच्या डोक्यावर कुठेतरी, सोपाऱ्याहून निघालेलं ते पात्र होतं. दोन्ही एकाच गावची भांडी. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यांना माहीत होतं का गं?" नव्हतं. त्यांना माहीत असतं तर त्यांनी आम्हाला सांगितलंच असतं. त्यांना गावाबद्दल काही चांगलं सांगायला मिळालं की फार आनंद व्हायचा.

निघताना मावशींनी स्तूपासमोर बसून त्रिशरण म्हटलं. बुद्धं सरणं गच्छामि. आवाज बारीक, पण एकेक अक्षर सुटं. आईला शब्द येत नव्हते, ती हात जोडून शेजारी बसली. मावशींनी दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. दुतियम्पि, ततियम्पि. तिसऱ्या वेळी आईचे ओठ हलत होते. मला तेव्हा सातिमित आठवला, कार्ल्याला खांब देणारा, पाठ म्हणणारा. तेच शब्द, त्याच गावात. मधे मोठा खंड पडला, हे खरं. 1956 मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली नसती तर मावशींसारख्या बाईच्या तोंडून ते इथे पुन्हा उमटले नसते, हेही खरं. गावाने बुरुड राजाच्या नावाने विटा सांभाळल्या. शब्द परत आणले ते ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांनी. कोटाविषयी बोलताना हे वगळून बोलणं मला जमत नाही.

येताना चक्रेश्वर तळ्यावर थांबलो. तिथल्या देवळाजवळची ब्रह्मदेवाची जुनी मूर्ती मावशींना आम्हाला दाखवायचीच होती. मग पश्चिमेच्या बाजारातून आईने स्वतः भाजी घेतली. माठाच्या दोन जुड्या, घासाघीस करून. मावशींनी माझा हात दाबला. वर्षभरात तिने असं काही केलं नव्हतं.

बाबांचा डबा कुठे आहे हे मला ठाऊक होतं. आईने तो त्यांच्या शबनम पिशवीत घालून, पिशवी जुन्या सुती साडीत गुंडाळून, साडी पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंक पलंगाखाली ठेवली होती. मी एकदा तो मागितला होता, तेव्हा ती "राहू दे" म्हणाली होती आणि मी पुन्हा विषय काढला नव्हता.

पुण्याला निघायच्या दिवशी पहाटे मला जाग आली ती पलंगाखालून ट्रंक ओढल्याच्या आवाजाने. मी डोळे मिटून पडून राहिले. मग मोरीत भांडं घासल्याचा आवाज, राखेने, बराच वेळ. मग पोळपाटाचा. उठून बाहेर आले तेव्हा ओट्यावर डबा उभा होता, तिन्ही कप्पे भरलेले. वरच्या झाकणाला पोचा आलेला, बाबांच्या हातून कधीतरी दादरच्या जिन्यावर पडला होता त्याचा. आई खिट्टी लावायचा प्रयत्न करत होती.

"माठाची भाजी आहे," ती म्हणाली. "वर आमटी आहे. खिट्टी सैल झालीये, गाडीत आडवा ठेवू नकोस."